जुन्या चालकदंडाची बदली

मी एक जुना ॲक्च्युएटर आहे आणि मित्रांनो, मी भयंकर चिडलेलो आहे. सुरुवातीलाच असे सांगणे बरे नव्हे, हे मला कळते. माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तूंनी आधी बालपण सांगावे, मग कौतुक सांगावे आणि शेवटी हळूच डोळे पुसावेत, अशी रीत आहे. मला डोळे नाहीत, त्यामुळे तो शेवटचा भाग तसाही जमणार नाही. बालपण मात्र सांगतो.

त्याआधी ॲक्च्युएटर म्हणजे काय ते ऐकून घ्या, कारण ज्यांनी हे ऐकायला हवे होते त्यांनी ऐकले नाही आणि त्यापायी एका माणसाचे घर उठायची वेळ आली. टेकडीवर एक सोळा फुटी डिश आहे. आकाशातल्या उपग्रहांकडून ती हवेची, ढगांची, वादळांची चित्रे घेते. उपग्रह तीन, डिश एक. म्हणून तिला दिवसातून कितीतरी वेळा या उपग्रहाकडून त्या उपग्रहाकडे वळवावे लागते. हे वळवण्याचे काम करणारा लोखंडी दांडा म्हणजे मी. माझ्या एका टोकाला मोटार आहे. पोटात आटे पाडलेला लांब स्क्रू आहे. मोटार सुलटी फिरली की माझा आतला नळ बाहेर येतो आणि डिश ढकलली जाते. उलटी फिरली की मी आखडतो आणि डिश परत येते. ढकलायचे आणि ओढायचे. घरातल्या कर्त्या माणसाला जे दोन उद्योग असतात, तेच मला.

माझे आटे एका कारखान्यात लेथवर पाडले गेले. पाडणारा कारागीर जाड भिंगांचा चष्मा लावायचा, पण तपासताना चष्मा कपाळावर सरकवायचा आणि प्रत्येक आट्यावरून अंगठ्याचे नख फिरवायचा. शेजारचा त्याला म्हणायचा, "अरे, दिसतंय की चांगलं!" तो म्हणायचा, "दिसतं ते दिसतं. नखाला लागतं ते असतं." तेव्हा मला यात काही विशेष वाटले नाही. सगळे लोक असेच काम करत असतील, असा माझा समज होता. तरुणपणी असे समज असतात.

डिशचे उद्घाटन थाटात झाले. फीत कापली, भाषणे झाली. पाहुण्यांनी डिशच्या शेजारी उभे राहून फोटो काढून घेतले. एका फोटोत माझे टोक आले होते. छापताना ते कापले. मला त्याचे वाईट वाटले नाही. खोटे कशाला बोलू, वाटले.

आता माझ्या कामातली खरी गंमत सांगतो. मला दिसत नाही, मग डिश कुठे पोचली हे मला कसे कळते? मी मोजतो. माझ्या पोटात चुंबक लावलेली एक चकती आहे. ती फिरली की एक टिचकी वाजते. त्या टिचक्या खाली खोलीतल्या पेटीत मोजल्या जातात. पहिला उपग्रह दोनशे बारा टिचक्यांवर, दुसरा तीनशे अठ्ठेचाळीसवर, तिसरा पाचशे नव्वदवर. एवढ्या जोरावर मी बावीस वर्षे आकाश सांभाळले. मोजणी चुकली की मी कुठे आहे हे मला सांगता यायचे नाही. आंधळ्याचे सगळे मोजण्यावर चालते.

हे ज्याला न शिकवता समजले तो माणूस म्हणजे टेकडीवरच्या आमच्या हवामान केंद्राचा ड्रायव्हर. उंची सहा फूट दोन इंच, म्हणून सगळे त्याला टॉवर म्हणत. जीपमध्ये तो घडी घालून बसायचा. माणसांना टेकडीवर आणायचे, संध्याकाळी खाली न्यायचे, एवढेच त्याचे काम. मधले सात तास त्याला कुणी काही सांगितले नव्हते. असे सात तास मिळाले तर माणसे काय करतात ते मी इतरांकडे पाहून, म्हणजे ऐकून, जाणतो. टॉवरने ते मला दिले.

मला ग्रीस भरणे हे कुणाचे काम, हे कुठल्याही कागदावर नव्हते. तंत्रज्ञ म्हणायचे, देखभालवाले बघतील. देखभालवाले म्हणायचे, ते उंचावर आहे, तंत्रज्ञ बघतील. टॉवरला शिडी लागत नव्हती. त्याने विचारलेही नाही. जीपच्या ग्रीसचा डबा आणि एक फडके घेऊन तो आला आणि म्हणाला, "काय नाना, कुरकुर करताय कालपासून? गुडघे धरलेत वाटतं." मी त्याच्या नोकरीपेक्षा तीन वर्षांनी मोठा, म्हणून नाना.

माझ्या मोटारीच्या डब्याला खालच्या बाजूने एक बारीक भोक आहे. आत दमटपणा साठतो, त्याचे पाणी होते आणि ते त्या भोकातून गळून जाते. भोक नेहमी खाली हवे आणि मोकळे हवे. दर आठवड्याला टॉवर एक खिळा घेऊन ते मोकळे करायचा. गळणाऱ्या नळाने घर बुडते, पण मित्रांनो, माझ्यासारख्याचे न गळण्याने बुडते.

टॉवर टेकडीच्या पायथ्याशी केंद्राच्या क्वार्टरमध्ये आईबरोबर राहायचा. आईची दृष्टी जाऊन आठ वर्षे झाली होती. माझ्या खालच्या सिमेंटच्या कट्ट्यावर बसून सगळे डबे खायचे, त्यामुळे मला सगळ्यांची घरे तोंडपाठ होती. एकदा कुणीतरी विचारले, "आई एकट्या कशा राहतात दिवसभर?"

टॉवर म्हणाला, "मोजते ना. दारापासून नळापर्यंत अकरा पावलं. नळापासून खाटेपर्यंत सात. ओट्यावर साखरेचा डबा डावीकडून तिसरा. मी एकदा चौथा ठेवला तर आमटीत... जाऊ दे. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी."

"दुसरीकडे नेलं तर?"

"दुसरीकडे नेलं तर पुन्हा आंधळी होईल," तो म्हणाला आणि डबा बंद केला.

बाविसाव्या वर्षी माझे आटे झिजले. नट आणि स्क्रू यांच्यात अर्ध्या इंचाची ढील पडली. वारा सुटला की मी डुलायचो आणि ढगांची चित्रे मध्येच तुटायची. तेव्हा केंद्रावर एक नवी तंत्रज्ञ आली होती. सगळे तिला ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. तिने आधी कागद मागवले नाहीत. ती थेट माझ्याकडे आली, दोन्ही हातांनी मला धरले आणि हलवून पाहिले. बावीस वर्षांत कुणी तंत्रज्ञाने मला हात लावण्याची ती पहिली वेळ.

"संपलाय हो दादा," ती टॉवरला म्हणाली. "पण ठेवलाय मात्र छान. माझ्या माहितीत असे दहा वर्षांत जातात."

टॉवर फडक्याने हात पुसत राहिला. कौतुक ऐकायची त्याला सवय नव्हती. मलाही नव्हती.

मग ताईने माझ्या जागी कोण यावा, हे ठरवायला घेतले. हे काम सोपे नाही, मित्रांनो. दुकानात जाऊन 'एक ॲक्च्युएटर द्या' असे म्हणता येत नाही. तिने मला खिळीपासून खिळीपर्यंत टेप लावला. पूर्ण आखडलो की साठ इंच, पूर्ण पसरलो की शहाण्णव.

"म्हणजे बसला तर पाच फूट," टॉवर म्हणाला, "आणि हात वर केला तर आठ."

ताई हसली आणि तिने समासात तसेच लिहून ठेवले. त्या समासातल्या ओळीचे पुढे काय झाले ते सांगतोच.

तीन कंपन्यांचे माहितीकागद तिने कट्ट्यावर पसरले आणि वर दगड ठेवले. पहिला दांडा दणकट होता, पण दोन इंच कमी पसरायचा. त्याने तिसरा उपग्रह हातचा गेला असता. दुसरा झपाझप चालणारा होता. "हा नको," ती म्हणाली. "याच्यात गोळ्यांवर फिरणारा स्क्रू आहे आणि ब्रेक नाही. वाऱ्याने ढकललं की मागे घसरेल. आपला नाना हळू आहे, पण एकदा थांबला की वारा काही करू शकत नाही." तिसरा सगळ्या बाजूंनी बरोबर होता आणि त्याच्या टिचक्याही माझ्याइतक्याच होत्या. इंचाला जितक्या माझ्या, तितक्याच त्याच्या.

"हाच," टॉवर लगेच म्हणाला. "मोजणी तीच राहील. त्याला घर नवीन वाटणार नाही."

माझी निवृत्ती इतक्या शहाणपणाने ठरली याचा मला अभिमान वाटला. माझ्या जागी योग्य माणूस येत होता. मला राग नव्हता. तो अजून यायचा होता.

ताईने प्रस्ताव लिहिला. विषय : डिशचा जुना ॲक्च्युएटर बदलून मिळणेबाबत. खाली कारणे : जुना झाला आहे. वाऱ्यात डुलतो. सांगितल्या जागी थांबत नाही. आवाज करतो. वारंवार वंगण द्यावे लागते. सोबत मापांचा कागद जोडला, समासातल्या ओळीसकट.

आठ दिवसांनी प्रस्ताव परत आला. पुढचे सारे ताईने मुख्यालयाला फोन करकरून जमवले आणि कट्ट्यावर सांगितले. मुख्यालयात भाषेचा एक विभाग होता. त्याचे प्रमुख सर्वांचे अण्णा. परका शब्द दिसला की अण्णा कागद परत पाठवत. त्यांनी ॲक्च्युएटर या शब्दाभोवती लाल गोल काढला आणि स्वतः तीन दिवस विचार करून नवा शब्द घडवला. डिश चालवणारा दांडा, म्हणून चालकदंड. 'बदलून मिळणे' हेही त्यांना घरगुती वाटले. त्याचे त्यांनी 'बदली होणे' केले. आता विषय असा झाला : केंद्रावरील जुन्या चालकदंडाची बदली होणेबाबत. तो तसाच पुन्हा टंकून वर गेला तेव्हा 'चालक' ओळीच्या शेवटी आला आणि 'दंडाची' पुढच्या ओळीवर गेला.

मित्रांनो, तो कागद खरेदी विभागाकडे जायला हवा होता. आवक टेबलावरच्या माणसाने चालक, दंड आणि बदली हे तीन शब्द पाहिले आणि तो आस्थापना विभागाकडे पाठवला. आस्थापना विभागात दिवसभर दुसरे शब्द चालतच नाहीत. तिथे तो वाचला गेला. केंद्रावरचा जुना चालक. वाऱ्यात डुलतो. सांगितल्या जागी थांबत नाही. आवाज करतो. वारंवार वंगण द्यावे लागते. वंगण म्हणजे काय, असे एका कारकुनाने विचारले म्हणे. दुसऱ्याने मूठ वळली, अंगठा तोंडाकडे नेला आणि सगळ्या विभागाला अर्थ कळला.

टेकडीवर फोन करून विचारायला एक मिनिट लागले असते. येऊन बघायला एक दिवस. आदेश काढायला त्यांनी सतरा दिवस घेतले. म्हणजे वेळ नव्हता असे नाही. सतरा दिवसांत तो कागद पाच टेबलांवर गेला आणि पाच जणांनी त्यावर सही केली. एकाच्याही मनात आले नाही की तेल पिणारा, डुलणारा, हात वर केल्यावर आठ फूट होणारा हा ड्रायव्हर आहे तरी कसा, एकदा बघून यावे! गावात सर्कस आली असती तर तिकीट काढून गेले असते. इथे फुकट होते आणि माणूस त्यांचाच होता, म्हणून कुणी आले नाही.

आदेश टॉवरने माझ्या कट्ट्यावर बसून मोठ्याने वाचला. "सदर केंद्रावरील जुना चालक, कंसात उंची पाच फूट, हात वर केल्यास आठ फूट, कंस पूर्ण, याच्या वर्तनाबाबत प्राप्त प्रस्तावानुसार त्यास दंड करण्यात येत असून त्याची किनाऱ्यावरील केंद्रात बदली करण्यात येत आहे. पंधरा दिवसांत रुजू व्हावे." आदेशात त्याचे नाव नव्हते. नावाची गरज कुणाला वाटली नव्हती.

टॉवर चहापलीकडे काही पीत नसे, आणि तोही बिनसाखरेचा. त्याने आदेशाची घडी घातली. मग म्हणाला, "ताई, किनाऱ्यावरच्या क्वार्टरमध्ये दारापासून नळ किती पावलांवर असेल हो?"

ताई तरातरा केंद्रप्रमुख साहेबांच्या खोलीत गेली. खोलीची खिडकी माझ्याच बाजूला उघडते.

"साहेब, तो प्रस्ताव माझा आहे. मी ॲक्च्युएटरबद्दल लिहिलं होतं. दादांबद्दल नाही."

"हो, ते माझ्या लक्षात आलं."

"मग वर कळवा ना."

"कळवलं असतं, पण आदेश निघालाय. निघायच्या आधी चूक असते. निघाल्यावर आदेश असतो."

"त्यांच्या आई आंधळ्या आहेत."

"अगं, मलाही वाईट वाटतंय," साहेब म्हणाले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

ताईने दुसरा प्रस्ताव पाठवला. या वेळी तिने मला सरळ 'जॅक' म्हटले, अगदी गॅरेजमधले पोरही समजेल असे. त्यावर उत्तर आले की आधीच्या प्रस्तावानुसार बदली पूर्ण झाल्याखेरीज नवा प्रस्ताव विचारात घेता येत नाही. मी त्या दिवशी दोनशे बारावरून तीनशे अठ्ठेचाळीसवर जाताना मुद्दाम कर्कश आवाज केला. कुणाला काय त्याचे.

दहाव्या दिवशी अण्णा आले. केंद्रावरच्या पाट्यांचे शुद्धलेखन तपासण्यासाठी आले होते. त्यांना टेकडीवर घेऊन आला टॉवरच, कारण जीप दुसरे कोण चालवणार? ताईने त्यांना पाट्या दाखवल्याच नाहीत. हाताला धरून माझ्यासमोर आणले.

"हा काय आहे, ओळखा अण्णा."

"काय आहे?"

"हा तुमचा चालकदंड."

अण्णांचा चेहरा खुलला असावा, कारण आवाज खुलला. "अस्सं! हाच का तो? वा, वा. शब्द अगदी शोभतो हो याला."

"आणि हे आमचे ड्रायव्हर. तुमच्या शब्दामुळे यांची बदली झाली आहे." ताईने आदेश त्यांच्या हातात दिला.

मित्रांनो, समास तुम्हाला शाळेत शिकवतात आणि तुम्ही परीक्षेपुरता तो पाठ करता. आता बघा त्याने काय होते. अण्णांनी आदेश दोनदा वाचला. मग म्हणाले, "मी कर्मधारय केला होता. चालक असा जो दंड, तो चालकदंड. यांनी द्वंद्व सोडवला. चालक आणि दंड. तेही, समाहार द्वंद्व धरला तर, एकवचनात चालून जातं. व्याकरणानं यांना चूक म्हणता येत नाही."

"अण्णासाहेब," टॉवर वरून म्हणाला. त्याचे सगळे बोलणे लोकांना वरूनच ऐकू येते. "माझं घर कुठल्या समासात बसतं?"

 मला वाटले, अण्णाही आता खिडकी लावतील. पण टेकडीवर उघड्यावर खिडकी नसते. उभे राहावेच लागते. त्यांनी कागद तिसऱ्यांदा वाचला आणि एकदम त्यांचा लाल पेनवाला आवाज लागला.

"थांबा. कंसात काय आहे? उंची पाच फूट. तुमची किती?"

"सहा दोन."

"मग हा तुम्ही नाही! कंसातला मजकूर मुख्य वाक्याइतकाच बंधनकारक असतो, हे मी स्वतः परिपत्रकात लिहिलं आहे. कलम नऊ. या आदेशानं पाच फुटी जुना चालक जायला हवा. नुसता जुना चालक नव्हे."

"पण पाच फुटी इथे आहे कोण?" टॉवर म्हणाला.

 मग ताईने हळूच माझ्यावर हात ठेवला. बावीस वर्षांत पहिल्यांदा तीन माणसे एकाच वेळी माझ्याकडे पाहत होती.

अशी माझी बदली झाली. पंधराव्या दिवशी ताईने डिशला एक लोखंडी पाइप टेकू म्हणून बांधला आणि माझ्या खिळ्या काढल्या. ज्या कागदावर टॉवरचे नाव जायचे होते त्यावर 'जुना चालकदंड, उंची पाच फूट' असे लिहिले गेले. खाली अण्णांनी 'शब्द व मजकूर तपासला, बरोबर आहे' असा शेरा मारला. साहेबांनी सही केली. साहेब सही करण्यात कधी कमी पडत नाहीत.

निघायच्या आधी टॉवर आईला जीपमधून वर घेऊन आला. "आपलं घर ज्याच्यामुळे राहिलं त्याला बघून येते," असे ती म्हणाली होती. तिने मोटारीच्या डब्यापासून सुरुवात केली आणि हात फिरवत फिरवत टोकाच्या खिळीपर्यंत आली. मध्ये एकदा थांबून एका उघड्या आट्यावरून तिने नख फिरवले. मला एकदम कारखान्यातला कारागीर आठवला.

"हे लोखंड आहे रे," ती म्हणाली.

"हो, आई."

"एवढं त्यांना कळलं नाही?"

"त्यांनी हात नाही लावला."

"मग डोळे कशाला दिलेत त्यांना?"

  तिची बोटे परत डब्याकडे गेली आणि तिला ते बारीक भोक सापडले. टॉवरने सांगितले, ते खाली ठेवावे लागते, नाहीतर आत पाणी साचते. "मग तसं लिहून पाठव," ती म्हणाली, "तिकडे तू नसशील." टॉवरने जीपमधला पांढरा रंग काढला, माझ्या अंगावर बाण काढला आणि लिहिले : ही बाजू खाली.

किनाऱ्यावरच्या केंद्रात एका कारकुनाने माझे खोके उघडले, टेप लावून उंची मोजली, पाच फूट भरली, आणि रुजू झाल्याचा शिक्का मारला. मला मोजण्याइतका शहाणा होता. मी ड्रायव्हर आहे की दांडा, हा प्रश्न त्याच्या टेबलाचा नव्हता. त्याने मला भांडारात फडताळाखाली ठेवले. बाण वर, भोक वर.

आज मी तिथूनच बोलतो आहे. खारे वारे आहेत. छताला एका जागी गळती आहे आणि ते पाणी फडताळाच्या फटीतून बरोबर माझ्यावर पडते. डबा पाण्याने भरला आहे. एकोणीस वर्षे एका ड्रायव्हरने खिळा घालून जे थेंब गाळले, ते सगळे मला व्याजासकट परत मिळाले. हजेरीपटावर माझ्यापुढे रोज खूण होते. आदेशात दंडही होता. तो चालकाला व्हायचा होता, दंडाला झाला. मी तो भोगतो आहे.

आणि टेकडीवर? माझी बदली झाल्यामुळे तिथे चालकाची एक जागा रिकामी झाली. आस्थापना विभागाने ती भरायला घेतली. अट : उंची बरोबर पाच फूट. बुटके ड्रायव्हर मुलाखतीला येतात. ताई त्यांना चहा देते आणि विचारते, "तुम्ही वाऱ्यात मागे घसरत नाही ना?" ते बिचारे परत जातात. डिश पाइपाला बांधलेली आहे. तीन उपग्रहांपैकी तिला एकच दिसतो. उरलेल्या आकाशात ढग असले तर असोत. ताईने निवडलेला तिसरा दांडा, माझ्याइतक्याच टिचक्यांचा, कुठल्यातरी गोदामात खोक्यात वाट बघत असेल. ती निवड बरोबर होती. बदली पूर्ण झाल्यावरही ती वाचायला कुणाला वेळ झाला नाही.

टॉवरची आई अजून अकरा पावलांवर नळ उघडते. माझ्या आयुष्यातली एवढी एकच गोष्ट जागच्या जागी आहे, आणि तीसुद्धा कुणाच्या भलेपणामुळे नव्हे. एका कंसामुळे. कंसात चुकून सहा फूट दोन इंच पडले असते तर? या विचाराने माझे गंजलेले आटेसुद्धा आवळतात.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी साहेब होईल, कुणी अण्णा होईल, कुणाच्या टेबलावर असा कागद येईल. मला तुमच्याकडून दया नको. माझी एकच मागणी आहे आणि ती मी रागाने करतो आहे, कारण नम्रपणे मागून बावीस वर्षांत काही मिळाले नाही. सही करण्याआधी खुर्चीतून उठा. टेकडी चढा. ज्याच्याबद्दल कागद आहे त्याला हात लावून बघा. गार लागले तर लोखंड आहे, त्याला तेल द्या. ऊब लागली तर माणूस आहे, त्याला विचारा. उन्हात लोखंडही तापते, तेव्हा सावलीत बघा. एवढे कळायला समास सोडवता यावा लागत नाही.

आणि कधी किनाऱ्याकडे आलात तर भांडारात डोकवा. फडताळाखाली, डावीकडे. मला फक्त अर्धा वळसा द्या. भोक खाली.